पहिला कॅमेरा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीच्या खरेदीचे दिवस जवळ आले की या सदराकडे कॅमेऱ्याविषयीची पत्रं वाढतात. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. नुसतंच ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असं विचारणाऱ्यांना एक विनंती: कशाचे फोटो काढणार आणि कुठल्या उजेडात काढणार, एवढं पत्रात जरूर लिहा. त्याशिवाय नेमकं काही सांगता येत नाही.

आजवर फोनवरच फोटो काढले. आता ७० हजारांपर्यंत कॅमेरा घ्यायचा आहे. घरातली माणसं, देवळं आणि महिन्यातून एखादा किल्ला, एवढे माझे विषय. डीएसएलआर घेऊ की मिररलेस? मित्र म्हणतात, घ्यायचा तर फुल फ्रेमच घे.
— एक वाचक, सांगली

या बजेटमध्ये फुल फ्रेमचा विचार सोडून द्या. सगळे पैसे बॉडीतच, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यातच, संपतील आणि पुढे परवडेल ती लेन्स लावावी लागेल. आकडे बघा. फुल फ्रेम सेन्सर (उजेड टिपणारा भाग) ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा (कॅननचा किंचित लहान), आणि चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर साधारण १० बाय साडेसात मिलिमीटरचा. फोनवरून एपीएस-सीवर आलात की क्षेत्रफळ जवळजवळ पाचपट होतं. तिथून फुल फ्रेमवर गेलात तर ते अडीचपटही होत नाही. मोठी उडी पहिलीच आहे, आणि ती तुमच्या बजेटमध्ये बसते.

नवा कॅमेरा घेणार असाल तर मिररलेस, म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला, घ्या. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवी डीएसएलआर बॉडी काढलेली नाही. नव्या लेन्सही मिररलेससाठीच येतात. शिकणाऱ्याला मिररलेसचा एक मोठा फायदा असा, की फोटो किती उजळ किंवा काळसर येणार हे खटका दाबण्याआधीच व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) दिसतं. डीएसएलआर मात्र बॅटरीच्या बाबतीत अजून सरस आहे. निकॉन डी३५०० एका चार्जवर प्रमाणित चाचणीत १५५० फोटो देतो, कॅनन आर५० पडदा वापरून सुमारे ३७०. किल्ल्यावर मुक्काम असेल तर मिररलेसबरोबर निदान दोन जादा बॅटऱ्या लागतील, हे धरून चाला.

आणि ७० हजार हातात आहेत म्हणून ७० हजारांचा कॅमेरा घेऊ नका. निदान पाव हिस्सा बाजूला ठेवा: ५० किंवा ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा लहान, तेवढा आत येणारा उजेड जास्त), दुसरी बॅटरी, ६४ जीबीचं व्ही३० दर्जाचं (ही वेगाची श्रेणी) कार्ड, हवेचा ब्लोअर आणि हवाबंद डबा यांसाठी. बॉडीच्या वरच्या मॉडेलपेक्षा ही एक लेन्स तुमच्या घरातल्या फोटोंमध्ये कितीतरी जास्त फरक पाडेल. का, ते ठाण्याच्या वाचकांच्या उत्तरात सविस्तर दिलं आहे.

दुकानात जाऊन हातात घेऊन बघा. चष्मा असेल तर चष्मा लावूनच व्ह्यूफाइंडरमध्ये चारही कोपरे दिसतात का ते पाहा. निकॉन झेड३० ला व्ह्यूफाइंडरच नाही. किल्ल्यावर दुपारच्या उन्हात नुसत्या पडद्यावर चौकट लावणं फार जड जातं. कॅनन आर१०० चा पडदा वळत नाही आणि त्याला टचही नाही. जीएसटीचं बिल घ्या, खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे याची खात्री तिथेच करा, आणि वॉरंटी भारतातली आहे ना, हे विचारा. बिल न देता स्वस्तात मिळणारा माल बहुधा परस्पर आणलेला असतो. तो बिघडला की दुरुस्तीचा सगळा खर्च तुमच्याच अंगावर पडतो.

ओळखीतून निकॉन डी५६०० आणि १८-५५ लेन्स वापरलेली मिळते आहे. काय काय तपासावं?
— एक वाचक, नाशिक

जाताना स्वतःचं रिकामं कार्ड, लॅपटॉप आणि टॉर्चवाला फोन न्या. दिवसाउजेडी भेटा आणि पाऊण तास तरी मागून घ्या.

सुरुवात लेन्सपासून करा, कारण खरा धोका तिथे असतो. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा. या प्रकारच्या निकॉन लेन्सची आतली पाती (उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी) बॉडीवरून काढल्यावर मिटलेली असतात. मागच्या कडेला एक छोटी तरफ दिसेल. ती नखाने हलकेच सरकवून धरा, पाती उघडतील. आता पुढून तिरका टॉर्च मारा आणि मागून डोळा लावून पाहा. चार-दोन धुळीचे कण दिसले तर काही बिघडत नाही, ते फोटोत येत नाहीत. पण कडेकडून आत सरकणाऱ्या, झाडाच्या मुळांसारख्या फुटलेल्या बारीक पांढुरक्या रेषा दिसल्या तर ती बुरशी आहे. ती लेन्स घेऊ नका. शेवटी तरफ सोडा. पाती झटक्यात मिटली पाहिजेत. रेंगाळली किंवा तेलकट चमकली तर पात्यांवर वंगण उतरलं आहे आणि उन्हातले फोटो नको तेवढे उजळ येतील.

मग शटर, म्हणजे फोटो घेताना उघडझाप करणारा पडदा. तुमच्या कार्डावर एक जेपीईजी फोटो काढा, लॅपटॉपवर घ्या आणि एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंटची नोंद असते. फोटो व्हॉट्सॲपवर मागवून हे जमणार नाही. तिथे ही माहिती गळून जाते. डी५६०० चं शटर १ लाख उघडझापींच्या हिशोबाने चाचणी केलेलं आहे. २०-३० हजारांच्या आतला आकडा उत्तम, ७०-८० हजार असेल तर किंमत त्या मानाने खाली यायला हवी.

सेन्सरसाठी दोन फोटो पुरतात. ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ १६ करून, फोकस मुद्दाम बिघडवून मोकळ्या आभाळाचा एक फोटो घ्या. काळसर गोल ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. साफ होते, घासाघीस करायला उपयोगी. दुसरा फोटो लेन्सचं झाकण लावून, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा) १६००, एक सेकंद. काळ्या फोटोत रंगीत चमकते ठिपके खूप असतील तर विचार करा. उरलेलं भराभर होतं: प्रत्येक बटण दाबून बघा, फ्लॅश उघडून बघा, बॅटरी सपाट जागेवर ठेवा. ती डुगडुगली तर फुगलेली आहे, नवी घ्यावी लागेल.

वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची निकॉनची ५० मिलिमीटर एफ १.८ एएफ-डी लेन्स घरात आहे. ती आजच्या कॅमेऱ्यावर चालेल का?
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

बसेल आणि फोटोही सुरेख देईल. प्रश्न फक्त ऑटोफोकसचा आहे. एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते. डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉडींमध्ये ही मोटर नाही, तिथे फोकस हाताने करावा लागेल. डी७००० ते डी७५०० या बॉडींमध्ये ती आहे. नव्या झेड (निकॉनच्या मिररलेस) कॅमेऱ्यांना एफटीझेड ॲडॉप्टर (जुनी लेन्स बसवायचा जोड) लावला तरी हाताने फोकस आहेच, कारण त्या ॲडॉप्टरमध्येही मोटर नाही.

लेन्स लावल्यावर पडद्यावर ‘एफईई’ अशी अक्षरं झळकली तर घाबरू नका. लेन्सवरची ॲपर्चरची रिंग २२ या आकड्यावर फिरवा आणि शेजारचा छोटा खटका सरकवून ती तिथेच अडकवून टाका. पुढे ॲपर्चर कॅमेऱ्यावरूनच बदलायचं.

आणखी एक जपा. घरात १९७७ च्या आधीच्या, रिंग न बदललेल्या निकॉन लेन्स निघाल्या तर त्या डी७००० वर्गाच्या बॉडीवर लावू नका. बॉडीच्या कडेची नाजूक तरफ मोडू शकते.

भाचीच्या हळदीचे फोटो हॉलमध्ये काढले. निम्मे हललेले आले, बाकीच्यांवर आडवे काळपट पट्टे आले, आणि चेहरे दाणेदार दिसतात. कॅमेरा नवा आहे. त्यात दोष आहे का?
— एक वाचक, ठाणे

कॅमेऱ्यात दोष नाही. हललेले फोटो आणि दाणे एकाच गोष्टीतून आले आहेत: लेन्समधून आत येणारा उजेड कमी पडतो आहे. पट्ट्यांचं कारण वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

किटमधली १८-५५ लेन्स ५५ वर नेली की तिचं सर्वांत मोठं ॲपर्चर एफ ५.६ राहतं. त्याच जागी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स सुमारे दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे कॅमेऱ्याने आयएसओ ६४०० लावला, तिथे ६४० वर काम झालं असतं. चेहऱ्यावरचे दाणे तिथेच गेले असते. पण एफ १.८ वर एक गोष्ट सांभाळावी लागते. दोन मीटरवरून फोटो घेतला तर पुढेमागे मिळून जेमतेम ११-१२ सेंटिमीटर खोलीच स्वच्छ येते. नवरीच्या डोळ्यांवर फोकस असेल तर मागे वाकून हळद लावणारी मामी धूसर होईल. दोघी हव्या असतील तर एफ २.८ किंवा ४ वर या.

आता पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, शटरला कळतं. १/५०० सारख्या वेगात शटरची फट चौकटीवरून सरकत जाते, तेव्हा वरचा भाग तेज क्षणात आणि खालचा मंद क्षणात टिपला जातो. तेच तुमचे पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की उजेडाचं पूर्ण आवर्तन पकडलं जातं आणि पट्टे नाहीसे होतात. इलेक्ट्रॉनिक किंवा ‘सायलेंट’ शटर चालू असेल तर बंद करा, त्यात पट्टे सर्वांत जास्त येतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू ठेवा.

हॉलसाठी मांडणी अशी करा. डायल ए वर (कॅननमध्ये एव्ही); यात ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा. ॲपर्चर एफ २ किंवा २.८. ऑटो आयएसओ चालू, कमाल ६४००, आणि त्याच मेनूत किमान शटर वेग १/१००. बसलेल्या माणसांना एवढं पुरतं. पोरं नाचायला लागली की किमान १/२५० करा. तेव्हा एखादा फोटो मंद उजेडात सापडेल, म्हणून प्रत्येक क्षणाचे तीन-चार घ्या. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताचं कंपन आवरतं. समोरचं माणूस हललं तर त्याचा काही उपयोग नाही, आणि तुमचे बरेचसे फोटो असेच हललेले दिसतात.

हळदीला सगळीकडे पिवळंच असतं, त्यामुळे ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल आपोआप साधणारी सोय) फसतो आणि कातडी निळसर पडते. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स एकदा मोजून ठेवा किंवा रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) घ्या. रॉमध्ये हा रंग नंतर काहीही न गमावता बदलता येतो.

वारीतले माझे फोटो मळकट येतात. पांढरे सदरे करडे दिसतात आणि टोपीखाली चेहरा काळा.
— एक वाचक, अकलूज

कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. चौकटभर पांढरे सदरे आले की तो म्हणतो, फार उजेड आहे, आणि फोटो काळसर करतो. पाण्यात उभ्या बगळ्याचंही हेच होतं. काळ्या म्हशीच्या फोटोत उलटं: म्हैस करडी आणि बाकीचं पांढरं फटक. उपाय बॉडीवरच असतो, अधिक-उणे चिन्हांचं बटण. पांढऱ्यासाठी +०.७ ते +१, म्हशीसाठी -०.७ ते -१.

टोपीखालच्या सावलीचा प्रश्न वेगळा आहे. टळटळीत उन्हात +१ ने चेहरा उजळेल, पण टोपी जळून कोरी पांढरी होईल. मेनूत हायलाइट वॉर्निंग चालू करा. जळलेला भाग पडद्यावर लुकलुकतो. टोपी लुकलुकायची थांबेपर्यंत उणे या, रॉमध्ये घ्या आणि सावली नंतर उचला. बॉडीवरच्या छोट्या फ्लॅशने चेहरा उजळता येतो का? थोडासा. भर उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० ठेवलं तर ॲपर्चर एफ ११ येतं. या फ्लॅशचा गाइड नंबर (ताकदीचा आकडा) साधारण १२. १२ भागिले ११, म्हणजे पूर्ण ताकदीने तो जेमतेम १.१ मीटर पोचतो. त्यापलीकडे त्याची भिस्त नको.

आषाढातलं ढगाळ आभाळ हीच खरी मदत आहे. ढगाखाली चेहऱ्यावर सगळीकडून सारखा उजेड पडतो आणि वरच्या कसरती लागतच नाहीत. फक्त सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉडींना पाण्यापासून संरक्षण नसतं. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या, लेन्सपुरतं भोक पाडून हूडवर (लेन्सच्या तोंडावरच्या कड्यावर) रबर लावा. आणि सर आली तर लेन्स बदलू नका.

सहा महिने झाले कॅमेरा घेऊन, अजून ऑटोवरच आहे. पुस्तिका वाचून डोकं फिरतं. घर सांभाळून शिकायचं तर कसं?
— एक वाचक भगिनी, बडोदे

रोज वीस मिनिटं आणि एका वेळी एकच गोष्ट, बस. पुस्तिका सध्या मिटून ठेवा.

पहिला आठवडा ॲपर्चरचा. खिडकीजवळच्या टेबलावर घासलेला तांब्या ठेवा, त्याच्या मागे दोन-तीन मीटरवर झाड किंवा पडदा येईल असं बघा. डायल ए वर. तांब्याच्या काठावर फोकस करून एफ १.८, २.८, ४, ५.६, ८ असे पाच फोटो घ्या (किट लेन्स असेल तर ५.६, ८, ११, १६). कॅमेरा जागचा हलवू नका. मग पाचही फोटो एकामागून एक पाहा: काठावरचा उजेडाचा ठिपका तोच राहतो, पण मागचं झाड हळूहळू गोळा होत पानं-पानं दिसायला लागतं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी हाच तांब्या पुन्हा घ्या. खिडकीचा उजेड वस्तू कशी घडवतो ते यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही वर्गात कळत नाही.

दुसरा आठवडा शटरचा. डायल एस वर (कॅननमध्ये टीव्ही); यात शटरचा वेग तुम्ही ठरवता. अंगणातल्या नळाची धार उन्हात १/३०, १/१२५, १/५००, १/२००० वर घ्या. १/३० वर दोरी दिसेल, १/२००० वर सुटे थेंब. मग स्वतःचा हात तपासा: ५० मिलिमीटरवर १/८० च्या खाली फोटो हलू लागतो, २०० वर १/३०० च्या खाली. नियम सोपा आहे: शटरचा खालचा आकडा फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) दीडपट हवा.

तिसऱ्या आठवड्यात फोकसकडे वळा. कॅमेरा स्वतः बिंदू निवडतो ती सोय बंद करा आणि एकच बिंदू ठेवा. तो जवळच्या डोळ्यावर न्या, खटका अर्धा दाबून फोकस धरा, मग पूर्ण दाबा. स्थिर माणसासाठी एएफ-एस (कॅननमध्ये वन शॉट), धावणाऱ्या मुलासाठी एएफ-सी (कॅननमध्ये सर्व्हो). ‘कॅमेरा धूसर फोटो काढतो’ अशा अनेक तक्रारींच्या मुळाशी हेच असतं: फोकस नाकावर किंवा मागच्या भिंतीवर गेलेला असतो.

पूर्ण मॅन्युअलची घाई नको. ए डायल आणि अधिक-उणेचं बटण यांवर बहुतेक सगळं काम होतं.

लेन्ससमोर यूव्ही फिल्टर हवाच का? आणि २४ मेगापिक्सेल कमी पडतील का?
— एक वाचक, डोंबिवली

रोजच्या वापराला फिल्टर नको, हूड लावा. स्वस्त फिल्टरमुळे निरांजनाच्या फोटोत ज्योतीचं दुसरं भूत उमटतं. समुद्राच्या खाऱ्या तुषारांत किंवा गुलालात मात्र जरूर लावा. २४ मेगापिक्सेलमधून २० बाय १३ इंचांची छपाई बारीक नजरेला पुरेल इतकी स्वच्छ होते. कमी पडणार नाहीत.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. कपाटात तांदळाच्या डब्यात ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

तांदूळ नको. तो ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याचं पीठ फटींत जातं. कॅमेऱ्याची बॅगही नको; तिचा फोम आणि चामडी वेष्टनं ओल धरून ठेवतात, आणि बंद कपाटात अंधार असतोच. बुरशीला याहून सोयीची जागा नाही.

रबरी कडेचा, १० ते १२ लिटरचा हवाबंद डबा घ्या. तळाशी कापडी पिशवीत २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. साठच्या वर गेला की बुरशीला वाव मिळतो, तिसाच्या खाली फार दिवस राहिला की रबर आणि वंगण सुकतं. जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओलं झालं की ते हिरवं पडतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचा विषारी क्षार असतो, ते घरात तापवू नका. नारिंगी जेल १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-अडीच तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. त्यासाठी वेगळं ताट ठेवा, ते पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. कोकणात जून ते सप्टेंबर दर आठ-दहा दिवसांनी जेल तापवावं लागेल. डबा किती वेळा उघडता यावर ते अवलंबून आहे.

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून बाहेर येताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून आणा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. दव पिशवीवर बाहेरून साचतं, काचेवर नाही. भिजून आलात तर डब्यात टाकण्याआधी पुसून पंख्याखाली तासभर सुकवा, नाहीतर तुम्ही ओल आतच कोंडाल.

बुरशी पुढच्या काचेच्या बाहेरून नुकतीच धरली असेल तर लेन्स साफ करायच्या द्रवाने निघते. आत शिरली असेल तर स्वतः उघडू नका, जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे लगेच द्या. महिने गेले तर ती काचेवरचा लेप खाते, आणि मग काच पुसून स्वच्छ झाली तरी तिची नक्षी तशीच राहते. तुमच्याकडची सगळी उपकरणं आजच टॉर्चखाली बघून घ्या, कारण गेल्या पावसाळ्यात धरलेली बुरशी बहुधा दिवाळीच्या आसपास, लेन्स पुन्हा हातात घेतल्यावरच दिसते.